आठ म्हणजे कुणाचे आठ?

शिकागोतल्या आमच्या बोट क्लबच्या दोन दिवसांच्या सहलीत कुणी बुडालं नाही, कुणाचं हाड मोडलं नाही. त्यामुळेच त्याबद्दल लिहिणं अवघड झालं. काही झालंच नाही तर अहवाल कसला करता, असं क्लबमधल्या निम्म्या लोकांचं म्हणणं होतं. मी सुरक्षा समितीवर असल्यामुळे ते काम माझ्या गळ्यात पडलं. क्लबसाठी लिहिलेला इंग्रजी अहवाल कोरडा झाला. तेच प्रकरण इथे जरा सैल हाताने मांडतोय. माणसांची, बोटींची आणि क्लबची नावं मुद्दाम गाळली आहेत.

आधी पाण्याबद्दल. 'लेक' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रंकाळा येतो, फार तर कोयनेचा शिवसागर. लेक मिशिगनचं क्षेत्रफळ सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर आहे. आपला अख्खा कोकण विभाग ३० हजारांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दोन कोकणं पाण्याखाली घातली तर हे तळं होईल. उत्तर-दक्षिण लांबी ४९० किलोमीटरच्या वर आणि सर्वांत खोल जागी २८१ मीटर. शिकागो त्याच्या दक्षिण टोकाजवळ, पश्चिम किनाऱ्यावर आहे. वारा नैर्ऋत्येचा असला की या टोकाला पाणी ताटातल्या आमटीसारखं शांत. पण तो उत्तरेकडे फिरला की सगळ्या लांबीवरून लाटा लोटत आणतो आणि त्या आमच्याकडेच येऊन साचतात. शिवाय त्या समुद्राच्या लाटांसारख्या लांब, दमदार नसतात. आखूड, उभ्या, चार-पाच सेकंदांना एक. हर्णैच्या बंदरात लहानपण काढलेल्या मला वाटायचं की गोड्या पाण्याला काय घाबरायचं. पहिल्या वर्षीच पोटातलं सगळं बाहेर आलं आणि तो समज गेला.

इथे भरती-ओहोटी जाणवत नाही, पण पाणी अचानक चढतं. २६ जून १९५४ ला एक वादळ सरोवरावरून आग्नेयेला गेलं, मिशिगन सिटीच्या किनाऱ्यावर पाण्याचा फुगवटा आपटला आणि उलटा फिरून तासाभराहून अधिक वेळाने शिकागोच्या माँट्रोज बंदरावर आला. तोवर हवा निवळली होती. धक्क्यावर गळ टाकून बसलेली आठ माणसं त्यात गेली. क्लबमध्ये नवीन माणसाला ही गोष्ट हटकून सांगतात. आमच्या प्रकरणाशी तिचा संबंध एवढाच की ती सगळ्यांना पाठ होती, तरी व्हायचं ते झालंच.

आता सहल. ऑगस्टमधला शनिवार-रविवार. शिकागोहून मिशिगन राज्यातलं न्यू बफेलो, सरळ पूर्वेला सुमारे ३८ नॉटिकल मैल, म्हणजे ७० किलोमीटर. शनिवारी जायचं, रात्री मरीनात, म्हणजे बोटी बांधायच्या बंदरात, मुक्काम, रविवारी परत. सात बोटी निघाल्या, दोन मोटरबोटी आणि पाच शिडाच्या. शिडाच्या बोटींत सर्वांत मोठी ३८ फुटी, सर्वांत लहान २७ फुटी. या दोन आकड्यांतला फरक नीट धरून ठेवा. शिडाच्या बोटीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर अवलंबून असतो, इंजिन कितीही मोठं बसवलं तरी. ३८ फुटी सहज साडेसहा-सात नॉटने, म्हणजे ताशी तेवढे नॉटिकल मैल, जाते, २७ फुटी पाचच्या वर क्वचितच. त्यामुळे तोच प्रवास एकीला सहा तासांचा आणि दुसरीला पावणेआठ तासांचा.

मी मित्राच्या ३४ फुटी बोटीवर होतो. बरोबर त्याची बायको आणि सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेली त्याची आई. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणतो. २७ फुटी बोटीवर नवरा, बायको आणि अकरा वर्षांची मुलगी. बोट घेऊन त्यांना दोनच वर्षं झालेली. अमेरिकेत अशी बोट चालवायला गाडीसारखा परवाना बहुतेक ठिकाणी लागतच नाही. ज्याची बोट त्याची जबाबदारी, हा कायदाही आणि रिवाजही. सहलप्रमुख हा वाटाड्या असतो, कप्तान नव्हे. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सात बोटी एकत्र निघाल्या की सगळे विसरतात.

शनिवार सुंदर गेला. नैर्ऋत्येचा दहा-बारा नॉटचा वारा, शिडं भरलेली. शिकागोच्या इमारती मागे बुटक्या होत गेल्या आणि उजवीकडे मिशिगन सिटीच्या वीजकेंद्राचा तो अवाढव्य कूलिंग टॉवर वर येऊ लागला. अणुभट्टी समजून लोक त्याचे फोटो काढतात. ते आहे कोळशाचं केंद्र. काकूंनी डब्यातून तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. एवढं पुरे, शनिवारबद्दल आणखी लिहिण्यासारखं नाही.

रविवारची सकाळ

रात्रीच्या जेवणात सहलप्रमुखांनी सांगितलं की सकाळी आठला धक्क्यावर भेटू, हवामान बघू, मग ठरवू. सगळे हो म्हणाले.

न्यू बफेलो ईस्टर्न वेळेत आहे आणि शिकागो सेंट्रल वेळेत, म्हणजे तासभर मागे. गंमत अशी की इंडियाना राज्याची हद्द न्यू बफेलोपासून अगदी जवळ आहे आणि तिथला तो पट्टा सेंट्रल वेळ पाळतो. मरीनात बांधलेल्या बोटीतला फोन कधी मिशिगनचा टॉवर पकडतो, कधी इंडियानाचा, आणि त्याप्रमाणे स्वतःचं घड्याळ मुकाट्याने बदलतो. २७ फुटीवाल्याच्या फोनने रात्री इंडियानाचा टॉवर पकडला. त्याच्या हिशेबाने तो आठला वेळेवर आला. धक्क्यावर तेव्हा नऊ वाजले होते.

तोवर बैठक संपली होती. तिथे काय झालं ते मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय. पहिल्यांदा बोलला तो ३८ फुटीवाला, तीस वर्षं बोट चालवलेला माणूस. शिकागोच्या हवामान कचेरीच्या अंदाजाप्रमाणे दुपारी एकनंतर वारा वायव्य-उत्तरेकडे फिरणार होता, २० ते २५ नॉट, लाटा तीन ते पाच फूट. लहान बोटींसाठीचा इशारा दुपारपासून लागू होता. तो म्हणाला, "आत्ता निघालो तर एकपर्यंत तीस मैल मागे पडलेले असतील. पुढचे सहा-सात मैल पश्चिम किनाऱ्याच्या आडोशाला. आम्ही निघतोय."

यात काहीही चूक नव्हतं, त्याच्या बोटीसाठी.

हाच हिशेब २७ फुटीसाठी कुणी केला नाही. पाच नॉटने ती दुपारी एकला सरोवराच्या ऐन मध्यावर आली असती, दोन्ही किनाऱ्यांपासून लांब, सर्वांत वाईट जागी. करायला पोराला येणारी वजाबाकी. पण ती करायची कुणी? तिचा मालक तिथे नव्हता. आणि तो नाही, हे आमच्यापैकी दोघांच्या लक्षात आलं होतं. त्यातला एक मी. मला वाटलं प्रमुख त्याला सांगतील. प्रमुखांना वाटलं त्याच्या शेजारी बोट बांधलेला सांगेल.

माझी स्वतःची चूक आणखी एक. माझ्या फोनवर न्यू बफेलो किनाऱ्याचा अंदाज उघडा होता. तो नॉर्दर्न इंडियानाच्या कचेरीकडून येतो आणि त्यातल्या वेळा ईस्टर्न असतात. त्यात लिहिलं होतं, दुपारी दोननंतर. मी मनात म्हटलं, चला, शिकागोवाल्यांपेक्षा हे एक तास जास्त देतायत. प्रत्यक्षात ईस्टर्नचे दोन आणि सेंट्रलचा एक ही तीच घटका. नसलेला एक तास मी खिशात घातला आणि तोंडाने मित्राला सांगूनही टाकलं, "दोनपर्यंत आहे वेळ."

काकू केबिनमधून चहा देत होत्या. त्यांनी ऐकलं आणि मित्राला विचारलं, "अरे, मंगळवारी गेलो तर काय बुडणार आहे?"

मित्र हसला. "आई, उद्या ऑफिस आहे."

बैठकीत उच्चारला न गेलेला खरा मुद्दा हा होता. सात बोटींवरच्या एकोणीस माणसांपैकी बहुतेकांना सोमवारी कामावर जायचं होतं. न्यू बफेलोहून शिकागोला अॅमट्रॅकची गाडी जाते, स्टेशन मरीनापासून चालत जाण्याएवढं जवळ. बोट तिथेच ठेवून गाडीने घरी जायचं आणि दोन दिवसांनी येऊन बोट न्यायची, एवढं सोपं होतं. हा पर्याय कुणी नाकारला नाही. कुणी काढलाच नाही. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. माझे आजोबा ते दोन महिने जाळी विणत ओटीवर बसायचे आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय दर्यात होडी घालायचे नाहीत. बंदी सरकारची, पण थांबायची सवय त्यांची स्वतःची होती. मला अठ्ठेचाळीस तास थांबणं सुचलं नाही.

मोटरबोटी साडेआठला, पुढे निघून गेल्या. शिडाच्या चार बोटी नऊ-सव्वानऊला सुटल्या, म्हणजे शिकागोचे आठ-सव्वाआठ. यापुढच्या सगळ्या वेळा सेंट्रल देतो, नाहीतर वाचणाऱ्याचंही आमच्यासारखंच होईल. २७ फुटीवाला धक्क्यावर आला तेव्हा दोर सोडणं चाललं होतं. त्याने विचारलं, "ठरलं का?" कुणीतरी म्हणालं, "हो, निघतोय." त्याने मानलं की सगळ्यांनी मिळून विचार केलाय आणि त्यात त्याचाही विचार झालाय. ८ वाजून ४० मिनिटांनी तो सुटला.

पाण्यावर

सकाळी वारा जवळजवळ पडलेला, त्यामुळे सगळे इंजिनवर. साडेदहाच्या सुमाराला मोटरबोटवाल्यांचा रेडिओवर निरोप आला की आम्ही शिकागोला पोचलो, इथे पाणी आरशासारखं आहे. खरं होतं ते. पण ते ऐकून चार बोटींवरची माणसं सैलावली. पुढे गेलेल्याने दिलेली खबर ही त्याच्या जागेची आणि त्याच्या वेळेची असते, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्याच वेळी सरोवराच्या दक्षिण भागाच्या मध्यावर, मिलवॉकीच्या आग्नेयेला असलेल्या ४५००७ क्रमांकाच्या हवामान बोयावर (हवामान मोजणाऱ्या तरंगत्या पिंपावर) वारा उत्तरेला फिरला होता. तो बोया आमच्या मार्गापासून पन्नासेक मैल उत्तरेला. म्हणजे तिथे फिरलेला वारा आमच्याकडे यायला दीड-दोन तास. हे नंतर नोंदी काढल्यावर दिसलं. बोयाचे आकडे फोनवर मिळतात, किनाऱ्यापासून दूर गेल्यावर फोन चालेनासा होतो, आणि व्हीएचएफ या बोटीवरच्या रेडिओचा हवामानाचा चॅनल कुणी लावला नव्हता.

साडेअकराला उत्तरेकडच्या आकाशात खालून एक निळसर-काळी पट्टी दिसली. अंदाजापेक्षा दीड तास आधी. त्याबद्दल हवामानवाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दीड तास इकडे-तिकडे होणारच हे धरूनच निघायचं असतं. आधी हवा गार झाली. सगळ्या वाऱ्याने एकदम दिशा बदलली आणि पाच मिनिटांत बावीस नॉट, झोत तिशीच्या जवळ. अर्ध्या तासात लाटा चार फुटांच्या. त्या उजव्या कुशीवर बसत होत्या, त्यामुळे बोट पुढे कमी आणि आडवी जास्त हलत होती. काकूंनी बादली मांडीत घेतली आणि डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. मित्राने तेव्हाच ठरवलं की शिकागो सोडून द्यायचं आणि वारा पाठीवर घेऊन मिशिगन सिटीत शिरायचं. चौदा मैल, पण लाटा मागून. ३८ फुटी आणि आणखी दोघी पुढेच गेल्या. त्या दोनच्या सुमाराला शिकागोत पोचल्या, भिजून पण धड.

आम्ही वळलो आणि रेडिओवर अर्धंमुर्धं ऐकू आलं, "...इंजिन बंद... कुणी आहे का..." २७ फुटीवाला होता. तो बोलत होता ७२ नंबरवर, क्लबच्या गप्पांच्या चॅनलवर. पुढे गेलेल्या तीन बोटींनी रेडिओ संकटाच्या १६ नंबरवर ठेवला होता, त्यांना काही कळलंच नाही. आमचा रेडिओ दोन्ही ऐकत होता म्हणून निभावलं. मित्राने विचारलं, "कुठे आहेस?" उत्तर आलं, "साधारण निम्म्यावर." अक्षांश-रेखांश त्याच्या समोरच्या पडद्यावर होते, पण घाबरलेला माणूस पडद्याकडे बघत नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याच्या मुलीने आकडे वाचून दाखवले, एकेक अंक सुटा, शाळेत पाढे म्हणतात तसे. न्यू बफेलोपासून साडेतेरा मैल, मिशिगन सिटीपासून आठ.

इंजिन का बंद पडलं ते सोमवारी कळलं. डिझेलच्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं गाळ बसतो. टाकीत उतरलेलं पाणी आणि त्यावर वाढलेला शेवाळासारखा काळा चिकट थर. शांत पाण्यात तो तळाशी असतो म्हणून कुणाला दिसत नाही. लाटांनी टाकी घुसळली की तो वर येतो आणि फिल्टर भरून जातो. फिल्टरची काचेची वाटी मी हातात धरून पाहिली. तळाला दोन बोटं काळं, तेलकट, डांबरासारखं. म्हणजे हे इंजिन खवळलेल्या पाण्यातच बंद पडणार होतं, बंदरात कधीच नाही.

पण त्याच्याकडे शिडं होती ना? होती. मोठं शीड बूमवर, म्हणजे त्याच्या खालच्या आडव्या दांड्यावर, गुंडाळून त्याच्यावर कापडी खोळ चढवलेली, दोरखंड सोडवून नीट वेटोळे करून ठेवलेला. रविवारी सकाळी वारा नव्हता, म्हणून. आता चार फुटांच्या लाटांत बोट आडवी लोळत असताना छतावर चढून ती खोळ काढायची म्हणजे माणूस पाण्यात घालवण्याची तयारी. त्याची बायको जाऊ लागली. त्याने तिला मागे ओढलं आणि पुढचं छोटं शीड थोडंसंच उलगडलं, जेमतेम चादरीएवढं. ते कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूपाशी खोलगट जागेत, बसून दोरी ओढूनच उलगडतं. माझ्या मते त्या दिवसातला सगळ्यांत शहाणा निर्णय हाच, आणि तो सगळ्यांत नवख्या माणसाने घेतला. तेवढ्या कापडावर बोट वळली, वारा पाठीवर आला, लोळणं थांबलं आणि ती चार नॉटने आग्नेयेला चालू लागली.

मित्राने १६ नंबरवर पॅन-पॅन दिला. मेडे म्हणजे जीव जातोय, पॅन-पॅन म्हणजे अडचण आहे, लक्ष ठेवा. कोस्ट गार्डने विचारलं, माणसं किती, सगळ्यांनी लाइफ जॅकेट घातलीत का, बोटीत पाणी शिरतंय का. दर अर्ध्या तासाने जागा कळवा म्हणाले. त्या आवाजात काही विशेष नव्हतं, रेल्वेच्या चौकशी खिडकीवरच्या माणसासारखा. त्यानेच धीर आला.

एक वाजून दहा मिनिटांनी आम्ही त्यांच्यापाशी पोचलो. दोर टाकून ओढून नेऊ या, असं मला वाटलं. दोनदा टाकलाही. दुसऱ्यांदा दोर त्यांच्या कठड्याला लागून घसरला आणि त्याच लाटेवर दोन्ही बोटी हातभर अंतरावर आल्या. त्यांच्या बोटीचं पांढरं बूड माझ्या डोक्याच्या वर होतं आणि पुढच्या क्षणी माझ्या पायांच्या खाली. मित्र ओरडला, "सोड तो दोर!" पुन्हा प्रयत्न केला नाही. पन्नास मीटरवर शेजारी राहिलो, एवढंच. पोरगी अधूनमधून हात करत होती.

दोन वाजून वीस मिनिटांनी मिशिगन सिटीच्या दीपगृहाजवळून दोन्ही बोटी आत शिरल्या. १९०४ चं ते दीपगृह आणि धक्क्यावरून त्याच्यापर्यंत जाणारा लोखंडी मचाण-रस्ता. त्या रस्त्याच्या खांबांवर लाटा फुटत होत्या. आत वळल्यावर एकदम शांत. काकूंनी डोळे उघडून पहिला प्रश्न केला, "ती पोरगी आली का?"

त्या संध्याकाळी आम्ही सगळे साउथ शोअर लाइनच्या गाडीने शिकागोला गेलो. सोमवारी बहुतेक जण कामावर होते.

नंतर काय बदललं

समितीच्या बैठकीत पहिला सूर अपेक्षित होता. त्याने टाकी साफ ठेवायला हवी होती, शीड तयार ठेवायला हवं होतं, १६ वर बोलायला हवं होतं. सगळं खरं. पण मग ३८ फुटीवाला उठला आणि म्हणाला, बैठकीत पहिला मी बोललो, तिथेच बैठक संपली. तो हे बोलला नसता तर पुढचे बदल झाले नसते.

आता निघायच्या बैठकीत सर्वांत हळू बोटीचा मालक पहिला बोलतो आणि हिशेब तिच्या वेगाने होतो. तो आला नसेल तर बैठक सुरू होत नाही. सहलीच्या कागदावर वेळ दोन रकान्यांत छापतात, शिकागोची आणि मुक्कामाची. आणि सहल शनिवार ते सोमवार अशी जाहीर होते. सोमवार हवा चांगली असेल तर वाया जातो. यावरून दोन कुटुंबांनी नाव काढून घेतलं, त्यांना तेवढी रजा नाही. त्यांचं चूक आहे असं मला म्हणवत नाही. आणखी एक सूचना होती की सहलप्रमुखाला 'कुणीही निघायचं नाही' असं सांगायचा अधिकार द्यावा. ती पडली, आणि पडली ते बरं झालं. तसा अधिकार दिला की विचार करायचं कामही त्याच्याच गळ्यात पडेल आणि आम्ही पुन्हा तिथेच येऊ.

बुधवारी २७ फुटी परत न्यायला तिच्या मालकाबरोबर मी गेलो. टाकी उपसून घेतली होती, दोन जादा फिल्टर पाटावर मांडलेले. नैर्ऋत्येचा सहा नॉटचा वारा होता. खोळ काढून शीड आधीच चढवलेलं, नुसतं फडफडत होतं. मिशिगन सिटी ते शिकागो साडेसहा तास लागले. कूलिंग टॉवर बराच वेळ मागे दिसत राहिला.